प्रॉक्सीला फक्त धातू कळतो

१९९४ साली आयटीआय करून भोसरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन अप्रेंटिस म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात आमच्या मिस्त्रींनी हातात एक वस्तू ठेवली. अंगठ्याएवढी जाड पितळी नळी, वर निकेलचा मुलामा, अंगभर आटे, एका टोकाला प्लास्टिकची टोपी आणि दुसऱ्या टोकातून बाहेर आलेली तीन तारांची केबल.

"ही प्रॉक्सी," ते म्हणाले. "मशीनचा डोळा म्हणतात हिला. तू म्हणू नकोस. हिला काही दिसत नाही. जवळ धातू आला, एवढंच हिला कळतं."

पुस्तकात हिचं नाव इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर. शॉपवर नुसती प्रॉक्सी. गेली तीस वर्षं मेंटेनन्समध्ये मी हिच्या संगतीत काढली. लेथवर, प्रेसवर, कन्व्हेअरवर, रोबोच्या पंजात, जिथे काही हलतं आणि ते कुठवर आलं हे कळायला हवं, तिथे ही बसलेली असते. मिस्त्रींचं वाक्य मात्र मला एकदम समजलं नाही. ते थोडं थोडं करून समजत गेलं, आणि एकदा फार वाईट पद्धतीने समजलं.

१. आधी नाणी आणि पत्ते घेऊन बसावं

मिस्त्रींनी मला कुठलंही पुस्तक दिलं नाही. टेबलावर चोवीस व्होल्टचा सप्लाय जोडून दिला, प्रॉक्सी टोपी वर करून व्हाइसमध्ये हलकेच धरली आणि जेवणाच्या सुट्टीतला पत्त्यांचा कॅट पुढे सरकवला. "टोपीवर पत्ते रच, वर नाणं ठेव, आणि एकेक पत्ता काढत जा. दिवा कधी लागतो ते लिहून ठेव."

गेंड्याचं चित्र असलेलं पंचवीस पैशांचं स्टीलचं नाणं ठेवलं. सोळा-सतरा पत्ते उरले असताना दिवा लागला, म्हणजे साधारण पाच मिलिमीटर. मग षटकोनी वीस पैसे ठेवले. ते ॲल्युमिनियमचे, आकाराने मोठे. मला वाटलं, ते आणखी लांबून कळतील. पत्ते काढत गेलो, काढत गेलो, सहा-सात उरले तेव्हा कुठे दिवा लागला. पत्ते स्वतः तर तिला कळतच नव्हते. कागद, लाकूड, प्लास्टिक, बोट, तिच्या लेखी यातलं काहीच नाही.

असं का होतं, हे मिस्त्रींनी चहा पिता पिता सांगितलं. टोपीच्या मागे वाटीच्या आकाराचा फेराइटचा गाभा असतो आणि त्या वाटीत बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. आतलं ऑसिलेटर सर्किट त्या गुंडाळीत सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट होणारा प्रवाह खेळवत ठेवतं. त्यामुळे टोपीपुढे चुंबकीय क्षेत्राचा एक छोटा फुगवटा तयार होतो. त्यात धातू शिरला की धातूच्या पृष्ठभागात पाण्यातल्या भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. हे भोवरे १८५५ साली फ्रान्सच्या लेआँ फूकोने दाखवून दिले होते. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये फिरणारी तांब्याची चकती एकाएकी फिरवायला जड जाते आणि तापते, हे त्याने प्रयोगाने सिद्ध केलं. ती उष्णता कुठून तरी यायला हवी. प्रॉक्सीत ती ऑसिलेटरच्या ऊर्जेतून येते. ऑसिलेटरचं आंदोलन थकतं, मंदावतं, आणि ते ठरावीक पातळीखाली गेलं की पुढचा ट्रान्झिस्टर पलटी मारतो. दिवा लागतो तो इथे.

म्हणजे प्रॉक्सी खरं तर एवढंच सांगते, "माझी ऊर्जा कुणीतरी खातंय." लोखंड जास्त खातं. ते चुंबकीय असल्यामुळे हे प्रवाह त्याच्या अगदी वरच्या पातळ थरात कोंडले जातात, तिथे त्यांना फार विरोध होतो आणि उष्णता जास्त निघते. ॲल्युमिनियममध्ये प्रवाह सहज वाहतो, म्हणून ऊर्जा कमी जाते. घरातल्या इंडक्शन शेगडीवर ॲल्युमिनियमचं पातेलं तापत नाही आणि बिडाचा तवा झटक्यात तापतो, त्यामागेही हेच आहे.

शेवटी मिस्त्रींनी सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढून टोपीवर धरली. ती ॲल्युमिनियमचीच, पण जवळजवळ लोखंडाइतक्या लांबून कळली. चांदी इतकी पातळ की तिच्यातही प्रवाहाला जागा अपुरी पडते, विरोध वाढतो. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की ही विद्या आपल्याला आवडणार आहे. आजही नवीन ट्रेनी आला की मी त्याला पत्ते देतो. आता षटकोनी वीस पैसे मात्र जपून ठेवावे लागतात.

२. कॅटलॉगातले पाच मिलिमीटर आपले नसतात

नाण्यांचा धडा गिरवूनही तो विसरायला मला सहा वर्षं पुरली. एका लाईनवर बिडाचं हाउसिंग यायचं. गिऱ्हाइकाने वजन कमी करायचं म्हणून तेच हाउसिंग ॲल्युमिनियममध्ये बदललं. ड्रॉइंग तेच, फिक्स्चर तेच. सोमवारी पहाटे लाईन उभी राहिली. जॉब फिक्स्चरमध्ये बसलाय, डोळ्यांना दिसतोय, आणि मशीन म्हणतं जॉब नाही. आम्ही प्रॉक्सी बदलली, केबल बदलली, मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं, म्हणजे पीएलसीचं, इनपुट कार्डसुद्धा बदललं. दोन तासांनी मला वीस पैशांचं नाणं आठवलं.

हिशेब सोपा होता. १८ मिलिमीटर व्यासाची, धातूत पूर्ण बसवायची प्रॉक्सी असेल तर कॅटलॉगात तिचं अंतर पाच मिलिमीटर लिहिलेलं असतं. पण ते मोजलेलं असतं एक मिलिमीटर जाडीच्या, चौकोनी, साध्या पोलादी पत्र्यावर. शिवाय प्रत्येक नग थोडा वेगळा आणि तापमानाने, व्होल्टेजनेही फरक पडतो. म्हणून आंतरराष्ट्रीय मानक खात्रीचं अंतर धरतं ते त्याच्या ०.८१ पट. पाचाचे झाले चार. ॲल्युमिनियमसाठी त्याला साधारण ०.४ ने गुणायचं, म्हणजे उरले जेमतेम दीड. आमचं ब्रॅकेट तीन मिलिमीटरवर होतं. बिडाला ते पुरत होतं, ॲल्युमिनियमला पुरणं शक्यच नव्हतं.

पितळ, तांबं, स्टेनलेस, प्रत्येकाचा गुणक वेगळा आणि तो कॅटलॉगात छापलेला असतो. सगळे धातू सारख्याच अंतरावरून ओळखणाऱ्या प्रॉक्सीही आता मिळतात. त्या महाग असतात, पण मिश्र माल चालणाऱ्या लाईनवर त्यांची किंमत एका शिफ्टमध्ये वसूल होते, हे मी स्टोअरवाल्यांना अनेकदा पटवून दिलं आहे.

३. चालवणाऱ्या टोकाकडे नको, ओढल्या जाणाऱ्या टोकाकडे बघावं

माझ्या मेव्हण्याची नोकरी साखर कारखान्यात. एका गळीत हंगामात मी चार दिवसांची रजा काढून त्याच्याकडे गेलो होतो, आणि रजेचे दोन दिवस बॉयलरकडे जाणाऱ्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, कन्व्हेअरपाशी गेले. तिथे शाफ्टवर एक चकती, चकतीवर बोल्टची डोकी, आणि त्यांच्यासमोर प्रॉक्सी. बोल्ट पुढून जाईल तसा टिकटिक सिग्नल येतो. टिकटिक थांबली म्हणजे कन्व्हेअर थांबला, मग मागचं सगळं बंद करायचं. साधी आणि सुंदर योजना.

पण चकती बसवली होती मोटरच्या बाजूच्या शाफ्टवर. कन्व्हेअरची साखळी तुटली तेव्हा मोटर फिरत होती, तो शाफ्ट फिरत होता, प्रॉक्सी इमानाने टिकटिक देत होती. मागून बगॅस येतच राहिला आणि माणसांनी आरडाओरडा करेपर्यंत डोंगर झाला. बगॅस उपसायला रात्र गेली.

प्रॉक्सीचं काहीच चुकलं नव्हतं. तिला विचारलं होतं, "मोटर फिरतेय का?" तिने हो म्हटलं. विचारायला हवं होतं, "माल पुढे जातोय का?" आम्ही चकती शेवटच्या टोकाच्या शाफ्टवर नेली, जो फक्त साखळीने ओढला गेला तरच फिरतो. मेव्हणा अजून म्हणतो, "दाजी, तुमची रजा कारखान्याला लागू पडली."

४. टोपी आकाशाकडे करू नये

लेथवरून उडणाऱ्या चिप्स हाही धातूच. टोपी वर करून बसवलेल्या प्रॉक्सीवर चिप्सचा थर साचला की तिच्या दृष्टीने जॉब आला. आमच्याकडे एका ऑटोलोडरवर असं व्हायचं, रिकाम्या फिक्स्चरवर टूल उतरायचं. प्रत्येक शिफ्टला ब्रशने साफ करायचा नियम लावला होता आणि तो पाळला जात नव्हता.

डिप्लोमा करून आलेली एक ट्रेनी मुलगी होती. तिने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "सर, हिला आडवी का नाही बसवत?"

कुणीच विचार केला नव्हता. ब्रॅकेट फिरवून टोपी भिंतीसारखी उभी केली, चिप्स खाली पडू लागल्या. वेल्डिंगच्या लाईनवर टोपीला टेफ्लॉनचा लेप असलेल्या प्रॉक्सी येतात, ठिणग्यांचे थेंब चिकटत नाहीत. पण आधी दिशा बघावी, लेप नंतर.

५. मुकी आणि "नाही" म्हणणारी, यांत फरक करता यायला हवा

प्रॉक्सी मरते कमी, तिची केबल मरते जास्त. ड्रॅग चेनमध्ये वाकून वाकून, कूलंटमध्ये फुगून, उंदरांनी कुरतडून. तीन तारांच्या साध्या प्रॉक्सीची सिग्नलची तार तुटली तर पीएलसीला वाटतं, "धातू नाही." खरं तर ती काहीच बोललेली नसते.

या फरकावर ज्यांनी आधी विचार केला ते रसायन उद्योगातले लोक. १९५८ साली जर्मनीतल्या मानहाइममध्ये पेपर्ल आणि फुक्स यांच्या कंपनीने हा प्रॉक्सिमिटी स्विच घडवला. त्यांचं मूळचं दुकान रेडिओ दुरुस्तीचं. मागणी होती ऱ्हाइनच्या पलीकडच्या लुडविग्सहाफेनमधल्या बीएएसएफची. तिथे यांत्रिक स्विचचे संपर्क झिजायचे, आणि ज्वालाग्राही वाफा असलेल्या ठिकाणी त्यांची ठिणगी जीवघेणी ठरू शकते. त्याच परंपरेतून 'नामूर' पद्धतीच्या दोन तारांच्या प्रॉक्सी आल्या. सप्लाय सुमारे ८ व्होल्टचा. धातू नसेल तर थोडा जास्त प्रवाह, धातू आला की एक मिलिअँपिअरच्या आसपास. प्रवाह शून्यच झाला तर तार तुटली, आणि खूप वाढला तर शॉर्ट. म्हणजे हो, नाही आणि "मी बोलूच शकत नाही", हे तिन्ही वेगळे कळतात.

कुरकुंभच्या एका रसायन कारखान्यात हे पहिल्यांदा हाताळलं, तेव्हापासून माझ्या साध्या लाईनवरही, जिथे चुकीची किंमत मोठी तिथे, सिग्नल अशा रीतीने घेतो की तार तुटली तर मशीन थांबेल, चालू राहणार नाही.

६. तपकिरी, निळी, काळी

तपकिरी धन, निळी ऋण, काळी सिग्नल. जपानी, कोरियन मशीनवर बहुधा एनपीएन, म्हणजे सिग्नल ऋणाशी जोडणारी; युरोपियन मशीनवर पीएनपी, म्हणजे धनाशी जोडणारी. दिवा लागतोय पण पीएलसीला कळत नाही, तर सगळ्यात आधी हे तपासावं. बाकी सगळं नंतर.

७. शेजारी सांभाळावे

दोन प्रॉक्सी एकमेकींना खेटून लावल्या तर एकीचं क्षेत्र दुसरीत घुसतं आणि दोघी बहकतात. आणि ज्या प्रॉक्सीची टोपी नळीच्या बाहेर आलेली असते ती धातूच्या ब्रॅकेटमध्ये पूर्ण बुडवून बसवली तर ती कायम चालूच राहते, कारण तिच्या बाजूंनाही क्षेत्र पसरलेलं असतं. नवीन माणूस तिला खराब समजून फेकून देतो. मी कचऱ्याच्या डब्यातून चांगल्या प्रॉक्सी उचलल्या आहेत.

८. रस्त्यावरही हेच चाललेलं असतं

टोल नाक्यावर बूमजवळच्या डांबरात चौकोनी चीर दिसते, काळ्या डांबराने भरलेली. तिच्याखाली तारेचे काही वेढे पुरलेले असतात. ही एक मोठी, सपाट प्रॉक्सीच. वर गाडी आली की तिच्या पत्र्यात भोवरे फिरतात आणि वेढ्यांचं इंडक्टन्स कमी होतं. गाडी निघून गेल्याशिवाय बूम खाली येऊ नये, याची काळजी हे वेढे घेतात. इथे किती ऊर्जा खाल्ली याऐवजी इंडक्टन्स किती बदललं हे मोजतात, म्हणून ॲल्युमिनियमवरही रुसवा नाही. घरच्यांना मी हे गाडीत बसल्या बसल्या दाखवतो.

आणि रेल्वे. रुळाला दोन्ही बाजूंनी चिकटून बसवलेल्या गुंडाळ्या असतात, एका बाजूने क्षेत्र पाठवणाऱ्या, दुसऱ्या बाजूने घेणाऱ्या. चाक मधून गेलं की क्षेत्र बदलतं आणि एक आस मोजला जातो. ॲक्सल काउंटर म्हणतात त्याला. एका टोकाला जितके आस आत गेले तितकेच दुसऱ्या टोकाला बाहेर आले, तर तो टप्पा मोकळा. एक जरी कमी भरला तरी टप्पा मोकळा धरला जात नाही. सगळी चाकं बाहेर आली याची खात्री होईपर्यंत मागच्या गाडीने थांबायचं. ही शिस्त मला फार आवडते. संशय आला तर थांबायचं, हे तिथे यंत्रणेच्या हाडात आहे.

९. ज्याला कुठलाही धातू चालतो, त्याच्यावर माणसाचा हात सोपवू नये

हे लिहायला मी इतका वेळ लावला.

एका प्रेस शॉपमध्ये छोट्या प्रेसला जाळीचं दार होतं. दार बंद झालं की त्यावरची लोखंडी पट्टी प्रॉक्सीसमोर यायची आणि प्रेसला चालायची परवानगी मिळायची. प्रत्येक नगाला दार उघडायचं, लावायचं. टार्गेट चढं होतं. कुणीतरी प्रॉक्सीच्या टोपीवर एक वॉशर ठेवून वर इन्सुलेशन टेप गुंडाळला. प्रॉक्सीला धातू कळला, आणि तिच्यापुरतं दार कायमचं बंद झालं.

मी तो टेप आधीच्या आठवड्यात पाहिला होता. मी दुसऱ्या कामाला चाललो होतो. शिफ्ट सुपरवायझरला सांगितलं, "तेवढं काढून घ्या," आणि पुढे गेलो. चार दिवसांनी रात्रपाळीत एका पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. बावीस वर्षांचा होता. दवाखान्यात त्याच्या वडिलांनी मला विचारलं, "साहेब, मशीन बिघडलं होतं का?" मशीन अजिबात बिघडलं नव्हतं. प्रॉक्सीही बिघडली नव्हती. त्यांना काय सांगावं मला कळेना. मग खरं तेच सांगितलं, टेपचं आणि माझं.

यंत्राच्या धोक्याच्या भागांना आडोसा हवा आणि भाग फिरत असताना तो जागेवर हवा, हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम २१ मध्ये तेव्हाही होतं. पण तो आडोसा आहे की नाही हे साध्या प्रॉक्सीला विचारणं हीच मुळात चूक. तिला पट्टी आणि वॉशर यांतला फरक कळत नाही, कळणारही नाही. दारासाठी कोड असलेले सेफ्टी स्विच मिळतात. त्यांना फक्त आपल्या जोडीदाराची खूण चालते, दुसरा धातू चालत नाही, आणि ते आपली दोन्ही चॅनेल एकमेकांशी ताडून बघतात. त्या अपघातानंतर त्या शॉपमधल्या सगळ्या दारांवर ते आले. दोन्ही हातांनी दाबायची बटणं आली. आधी पैसे नाहीत म्हणत होते.

आणि टार्गेटचं काय, हा प्रश्नही मी तेव्हापासून प्रत्येक मीटिंगमध्ये विचारतो. ज्याने वॉशर ठेवली त्याला दोष देऊन भागत नाही. दार लावायला लागणारा वेळ ज्यांनी हिशेबात धरलाच नाही, त्यांनीही ती वॉशर ठेवायला हात लावलेला असतो.

१०. दिवा लागतो का हे सगळे बघतात, विझतो का हेही बघावं

त्या घटनेनंतर मी प्रोग्रामरला घेऊन बसलो. जॉब असो, सिलिंडर असो, क्लॅम्प असो, प्रत्येक चक्रात प्रॉक्सीने एकदा "नाही" म्हणून मग "हो" म्हणायला हवं. एखादी सलग "हो"च म्हणत राहिली, तर मशीनने पुढचं चक्र घेऊ नये. त्याला प्रोग्राममध्ये जेमतेम चार ओळी लागल्या. माझी तपासणीची पद्धतही बदलली. रविवारी लाईन बंद असते तेव्हा मी एकेका प्रॉक्सीसमोरून धातू बाजूला करतो आणि दिवा विझायची वाट बघतो.

गेल्या पावसाळ्यात पहिल्या शिफ्टला एक मशीन दुसऱ्याच चक्रात उभं राहिलं. ऑपरेटर वैतागला होता, स्क्रीनवर मेसेज होता, "क्लॅम्प सेन्सर बदलला नाही." मी वाकून बघितलं. क्लॅम्प उघडा होता आणि प्रॉक्सीचा दिवा लागलेला. टॉर्च मारला. टोपी आणि ब्रॅकेट यांच्या मधे, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक नट होता, रात्रपाळीने बसवलेला.

टेप सोडवला, नट काढला. दिवा विझला. मग मशीन सुरू न करता मी रात्रपाळीच्या पोरांना गेटवरून परत बोलावलं, हातात चहा दिला, आणि क्लॅम्प नेमका कुठे अडकत होता ते त्यांच्याकडून समजून घेतलं. पिन वाकलेली निघाली. अकरा दिवस ती वाकलेली होती आणि त्यांनी दोनदा लिहूनही दिलं होतं.